हँड कंट्रोलची जुनी ऑटोमॅटिक गाडी: घ्यावी का, आणि सांभाळावी कशी?

प्रेषक: नीलेश, लेस्टर

नमस्कार मंडळी,

अर्चनाच्या अपघाताबद्दल आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून ती व्हीलचेअरवर आहे, पण हात पहिल्यासारखेच भक्कम आहेत. अपंग चालकांची तपासणी करणाऱ्या ड्रायव्हिंग मोबिलिटीच्या केंद्रात तिची तपासणी झाली, डीव्हीएलएला (इथलं लायसन्स देणारं सरकारी खातं) कळवून झालं, आणि ऑटोमॅटिकचा 78, ब्रेकचा 20, ॲक्सिलरेटरचा 25 असे कोड पडून लायसन्स हातात आलं.

आता अडलंय ते गाडीवर. आम्ही अजून ब्रिटनच्या वर्क व्हिसावर आहोत आणि त्याला पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी भत्ते, न घेण्याची अट आहे. म्हणजे पीआयपी हा अपंगत्वाचा भत्ता नाही, आणि पीआयपी नाही म्हणून त्या भत्त्यावर गाडी देणाऱ्या मोटॅबिलिटी योजनेची नवी गाडीही नाही. मंडळातल्याच एका आजोबांनी आता गाडी चालवणं थांबवलंय. त्यांची 2006 ची टोयोटा कोरोला, 1.6 पेट्रोल, ऑटोमॅटिक, हँड कंट्रोल (हातातली लिव्हर पुढे दाबली की ब्रेक, ओढली की ॲक्सिलरेटर) बसवलेली, ते आम्हाला अगदी नाममात्र किमतीत द्यायला तयार आहेत. गॅरेजवाल्याला दाखवली. इंजिन उत्तम म्हणाला, पण हँड कंट्रोलबद्दल विचारल्यावर "त्याला आम्ही हात लावत नाही" म्हणून मोकळा झाला. एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, व्यवस्थित पास आहे.

इतकी जुनी गाडी घ्यावी का? घेतली तर काय काय बघत राहायचं? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

नीलेश

प्रेषक: विजूताई, रेडिंग

नीलेश, पत्र तू लिहिलंस, पण उत्तर मी अर्चनाला लिहिते, कारण गाडी ती चालवणार आहे.

अर्चना, गाडी जरूर घे. मी पोलिओच्या पायांनी आयुष्यभर हातानंच गाडी चालवत आले. सांगलीत दोन जादा चाकं लावलेली कायनेटिक होंडा होती. तिला गिअर नव्हते, किक मारायला लागायची नाही, बटण दाबलं की सुरू. आपल्यासारख्यांना त्या काळी तीच सोयीची होती. त्या जादा चाकांचे नट मी रोज सकाळी स्वतः पान्यानं बघून घ्यायची, कारण कंपनीच्या सर्व्हिसिंगवाल्याच्या लेखी ती चाकं गाडीचा भागच नव्हती. तुझ्या गॅरेजवाल्यानं नेमकं तेच सांगितलंय. हँड कंट्रोल म्हणजे गाडीला वरून लावलेली वस्तू, असं सगळे धरून चालतात. तुझ्यासाठी मात्र तोच ब्रेक आहे. गाडीचे ब्रेक कितीही उत्तम असले तरी तुझ्या तळहातापासून पेडलपर्यंतचा दांडा ढिला असेल तर तुला ब्रेक नाहीत. एमओटीला गाडी जाते तेव्हा तपासणारा बहुतेक वेळा पायानंच पेडल दाबतो. त्यामुळे एमओटीच्या कागदावरून या दांड्याबद्दल काहीही ठरवू नकोस.

आता बघायचं कसं ते सांगते. ड्रायव्हरच्या दारापाशी व्हीलचेअर लाव आणि टॉर्च घेऊन पेडलकडे बघ. लिव्हरपासून दोन दांडे खाली जातात, एक ब्रेकच्या पेडलला, एक ॲक्सिलरेटरला. पेडलच्या दांडीवर ते क्लॅम्पनं आवळलेले असतात. क्लॅम्पच्या खाली घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर क्लॅम्प सरकतोय, आणि सरकणारा क्लॅम्प म्हणजे गाडी त्याच दिवशी उभी करायची. मग दांड्यांच्या टोकांचे सांधे. ते बोटांत धरून हलव. लिव्हर स्थिर असताना दांडा कटकट हलत असेल तर सांधा झिजलाय. जिथं पिन आहे तिथं तिची स्प्लिट पिन जागेवर आहे ना, गंजून अर्धी तुटलेली नाही ना, ते बघ. हे सगळं नीलेशला वाकून बघायला सांगता येईल, पण एकदा तरी तू स्वतः बघ. आवाज बदलला तर तो तुलाच आधी कळणार आहे, तेव्हा तो कुठून येतोय हेही तुलाच माहीत हवं.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. इंजिन बंद ठेवून लिव्हर चार-पाच वेळा पुढे दाब, म्हणजे बूस्टरमधला (ब्रेक दाबायला जोर पुरवणारा भाग) साठलेला जोर संपतो आणि लिव्हर कडक लागते. ती तशीच दाबून धर आणि इंजिन सुरू कर. लिव्हर हाताखाली थोडी पुढे गेली पाहिजे. गेली नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी गेलीय. ज्याला पाय आहेत तो अशा वेळी अंगाचा सगळा भार पेडलवर टाकू शकतो. तुला मनगट आणि खांदा एवढंच आहे. तेव्हा ही चाचणी गाडी घेण्याआधी कर आणि पुढेही करत राहा, काही सेकंदांचं काम आहे.

त्यानंतर इंजिन चालू असतानाच लिव्हर पूर्ण जोरानं दाबून अर्धा मिनिट धरून ठेव. ती हळूहळू पुढे सरकत गेली तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती आहे. आणि त्याच वेळी लिव्हरच्या पुढे डॅशबोर्डपर्यंत, खाली तुझ्या गुडघ्यापर्यंत किती जागा उरते ते बघ. ब्रेक पॅड झिजले, ब्रेक ऑइलमध्ये हवा गेली किंवा ब्रेकचं एक सर्किट गेलं की पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. ती वेळ आली तर लिव्हरला तेवढं पुढे जाता आलं पाहिजे. आधीच ती डॅशबोर्डला टेकत असेल तर ऐन वेळी ब्रेक अर्धवटच लागेल. आजोबांच्या उंचीला आणि बसण्याच्या सवयीला ती बसवलेली आहे, तुझं आसन वेगळं असणार. म्हणून ॲडॅप्टेशन, म्हणजे गाडीतले असे खास बदल, बसवणाऱ्या माणसाकडून ती तुझ्या मापानं परत लावून घे, आणि लावून झाल्यावर स्टिअरिंगची उंची बदलू नकोस. लिव्हर स्टिअरिंगच्या खांबाला, म्हणजे कॉलमला, बांधलेली असते, कॉलम खालीवर झाला की दांड्यांचं सगळं माप बदलतं. गाडी धुणारे, व्हॅक्यूम करणारे हटकून कॉलमचा खटका उघडतात.

ॲक्सिलरेटरचं सोपं आहे. गाडी पी (पार्क) मध्ये ठेवून लिव्हर ओढून सोड. इंजिनाचा आवाज लगेच खाली आला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंग, केबल किंवा थ्रॉटल बॉडीवरची काजळी बघायची. ड्रायव्हरच्या बाजूचं पायपुसणं काढूनच टाक, ते सरकून दांड्यात अडकतं.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती तुला सांगते. तू चेअरची चाकं काढून स्वतःच्या अंगावरून पलीकडच्या सीटवर टाकणार. इथल्या हिवाळ्यात त्या चाकांवर रस्त्यावरचं मीठ, चिखल, बारीक खडी असते. ती सगळी सीटच्या रुळात आणि दांड्यांच्या सांध्यात पडते. चाकं टाकण्याआधी जुना टॉवेल अंथरत जा, आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं सांधे साफ कर. त्यांच्यावर तेलाचा फवारा मारू नकोस. तेलाला खडी चिकटते, आणि थेंब पेडलच्या रबरावर गेला की दुसऱ्या कुणाचा पाय घसरेल. शिवाय तू गाडीत चढता-उतरताना दार बराच वेळ उघडं राहतं, आतला दिवा जळत राहतो, आणि वर गाडी जवळच्या जवळच फिरते. बॅटरी त्यानंच मरते. दिवा दारासोबत लागणार नाही असा करून ठेव. दार उघडं धरून ठेवणारा अडकाही बघ. तो सैल असला की उतारावर दार अंगावर येतं, नेमकं तू चेअर आणि सीटच्या मध्ये असताना.

इन्शुरन्सवाल्यांना हँड कंट्रोलचं लेखी कळव. ॲडॅप्टेशन बसवून घेताना किंवा दुरुस्त करताना व्हॅट लागत नाही, पण त्यासाठीचा फॉर्म बिल व्हायच्या आधी भरून द्यावा लागतो. अपंगांच्या पार्किंग सवलतीच्या ब्लू बॅजसाठी कौन्सिलकडे अर्ज कर. पीआयपी नसलं तरी ते तपासून देतात.

विजूताई

प्रेषक: श्रीकांत, कॉव्हेन्ट्री

विजूताईंनी ब्रेकचं सगळं सांगितलंय, त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी गिअरबॉक्सचं बोलतो, कारण माझी नोकरी त्यातच गेली.

नीलेश, ही कोरोला घे, असंच मीही म्हणेन. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोचवणारा) जुना चार गिअरचा बॉक्स आहे. स्वस्तात मिळते म्हणून त्यानंतरची ऑरिस मल्टिमोड किंवा 2009 च्या सुमाराची होंडा जॅझ आय-शिफ्ट बघायला जाशील, तर थांब. कागदावर त्या ऑटोमॅटिक आहेत आणि 78 च्या लायसन्सवर चालतात, पण आत साधा क्लच आहे आणि तो मोटर दाबते. चढावर थांबून निघताना, पार्किंगमध्ये इंच इंच सरकताना त्या अडखळतात. हातानं ब्रेक सोडून हातानंच ॲक्सिलरेटर ओढणाऱ्याला गाडीचं आपोआप हळूच सरकणं फार उपयोगी पडतं, आणि ते या कोरोलात आहे.

गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं यावर विश्वास ठेवू नको. गाडी चांगली फिरवून गरम कर, सपाट जागी इंजिन चालू ठेवूनच गिअरची लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून पी मध्ये आण, आणि मग डिपस्टिक बघ. टोयोटाचं असं आहे. होंडात इंजिन बंद करून बघतात, म्हणून मित्रानं सांगितलं तसं न करता हँडबुक वाचायचं. ऑइल लालसर असेल तर छान. तपकिरी आणि जळका वास असेल तर किंमत आणखी उतरवून घे. बदलताना टोयोटाचं टाइप टी-फोर किंवा त्याला चालणारंच घाल. खालचा नट काढला की साधारण 3 लिटरच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा काढ-घाल कर. मशीन लावून दाबानं सगळं धुऊन काढण्याच्या मी विरोधात आहे. इतक्या जुन्या बॉक्समध्ये बसलेला गाळ हलवू नये.

ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि गरम झालं की त्यात वाफ होते. मग विजूताई म्हणतात तसं पेडल खोल जातं. इंजिन ऑइल दर पंधरवड्याला बघायचं, या गाडीत आहे त्या टोयोटाच्या झेडझेड मालिकेच्या इंजिनांपैकी बरीच तेल खातात. टायमिंग चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. टायरमध्ये हवा नेहमी पूर्ण. कमी हवेनं स्टिअरिंग जड होतं, आणि अर्चना ते एका हातानं, स्टिअरिंगवर बसवलेला बॉल धरून फिरवणार आहे.

गाडी उभी करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडी टेकू द्यायची, मग पी. उलट केलं तर गाडीचा सगळा भार बॉक्समधल्या एका लहानशा खिटीवर पडतो. आणि बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू द्यायची नाही. ब्रेकडाउन कव्हर घेतानाच सांगा की चालक व्हीलचेअरवर आहे, म्हणजे लॉरीच्या उंच केबिनऐवजी वेगळी गाडी पाठवायची त्यांना आधीच कळेल.

2006 चं पेट्रोल इंजिन युरो 4 या धुराच्या मानकाचं असेल, त्यामुळे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लंडनच्या यूलेझमध्ये किंवा बर्मिंगहॅमच्या झोनमध्ये लागणारे पैसे पडायचे नाहीत. तरी नंबर टाकून एकदा खात्री करून घ्या.

श्रीकांत

प्रेषक: अर्चना, लेस्टर

विजूताई, श्रीकांतकाका,

काल आजोबांकडे जाऊन आले. टॉर्च मीच धरला. बूस्टर व्यवस्थित आहे, लिव्हर हाताखाली गेल्याचं स्पष्ट कळलं. अर्धा मिनिट दाबून धरली, सरकली नाही. गिअरबॉक्सचं ऑइल लाल आहे, वास नाही. पण ब्रेकच्या दांड्याचा खालचा सांधा हलतोय, आणि माझी सीट मला हवी तेवढी पुढे घेतली की लिव्हर पूर्ण दाबल्यावर माझ्या गुडघ्यापासून जेमतेम दोन बोटं राहते. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सांध्याचा आवाज त्यांना बरेच दिवस येत होता, पण दोन गॅरेजांनी "तो आमचा विषय नाही" म्हणून सोडून दिला होता.

सांधा बदलायला आणि लिव्हर माझ्या मापानं लावायला माणूस कुठला चांगला? आणि पाय अचानक आखडून पेडलवर जाण्याची मला भीती आहे, त्याला काही उपाय?

अर्चना

प्रेषक: विजूताई, रेडिंग

अर्चना, शाब्बास. नेमकं बघितलंस.

पायांसाठी पेडल गार्ड मिळतो. पेडलांच्या पुढे उभी राहणारी पत्र्याची पट्टी असते, नीलेश चालवणार असेल तेव्हा ती काढता येते. तो लावल्याशिवाय चालवू नकोस. तपासणी झाली त्या केंद्रालाच फोन कर, तुमच्या भागात ॲडॅप्टेशन बसवणारे कोण आहेत ते तिथं सांगतात. फोनवर तीन गोष्टी एकदम माग: सांधा, गुडघ्याजवळची जागा आणि गार्ड. म्हणजे गाडी एकदाच न्यावी लागेल. इंडिकेटरचं बटण लिव्हरच्या मुठीवर आहे का तेही बघ. टोयोटाचा इंडिकेटर डावीकडे असतो आणि तुझा डावा हात बॉलवर असणार. बटण असेल तर त्याची वायर मुठीपाशी वाकते तिथं तुटते, ती बदलून घे.

तोपर्यंत गाडी नीलेशनं पायानं चालवत न्यावी. काम झालं की माप घेणाऱ्यासमोर तू तुझ्या नेहमीच्या बुटांत, नेहमीच्या उशीवर बस, आणि त्याच्यादेखत लिव्हर पूर्ण दाबून दाखव. जागा पुरेशी वाटली नाही तर तिथंच सांग, घरी आणून बघू म्हणू नकोस.

विजूताई