दोघांनाच झेपेल अशी कीलबोट कोणती? (अ‍ॅनापोलिस, चेसापीक)

खाडीपल्याड:

नमस्कार मंडळी. मी ६८, बायको ६५. मूळचे डोंबिवलीचे, गेली सत्तावीस वर्षं मेरीलँडात. शिडाच्या होडीचा नाद मला चाळिशीत लागला. हिला माझ्यामुळे, आधी नाइलाजाने आणि आता माझ्यापेक्षा जास्त. चौदा वर्षं आमच्याकडे कॅटलिना २७ आहे. होडीबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. जुने झालोय ते आम्ही.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. थॉमस पॉइंटच्या दीपगृहाच्या अलीकडे होतो. दुपारी पश्चिमेला आभाळ काळवंडलं म्हणून पुढचं मोठं शीड, म्हणजे जेनोआ, गुंडाळायला घेतलं, तर फर्लरची (शीड गुंडाळणाऱ्या यंत्राची) दोरी ड्रमवर एकमेकींखाली गुंतून बसलेली. चूक माझीच. सकाळी शीड उघडताना दोरीला मागून ताण द्यायचा असतो, मी गप्पांच्या नादात ती सैल सोडली. मग काय, रांगत पुढे गेलो. उजवा गुडघा कृत्रिम आहे, त्यावर टेकलं की सुई टोचल्यासारखं होतं. दहा मिनिटं लागली. ही सुकाणूवर, एक शब्द न बोलता. मी परत येऊन बसल्यावर म्हणाली, "तू पडला असतास तर मी काय करायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिचा डावा खांदा आखडलेला, विंच (दोरी ओढायची हातरहाटी) फिरवणं तिला जमत नाही. म्हणजे मी होडीवर नसेन तर होडी थांबवणारं कोणीच नाही.

तर आता लहान आणि सोपी होडी बघतोय. सकाळी निघून चहाच्या वेळेपर्यंत परत, एवढंच करतो. होडीवर मुक्काम तीन वर्षांत केलेला नाही. कील हवीच. सेंटरबोर्डची (कीलऐवजी वर उचलता येणारी फळी असलेली) हलकी होडी उलटली तर परत वर चढायची ताकद दोघांतही नाही. पाण्याखाली चार फुटांपेक्षा जास्त नको. इथे भरती-ओहोटी जेमतेम फूटभर, पण वायव्येचा वारा दोन दिवस लागला की पाणी उपसागराबाहेर ढकललं जातं आणि आमच्या धक्क्याला चिखल दिसतो. बजेट २५ हजार डॉलर, ताणून ३०.

डोक्यात तीन नावं आहेत: नॉनसच, एन्साइन, हार्बर २०. अलेरियन २८ बघून लाळ गळते, पण ती साडेचार फूट खोल जाते आणि खिशालाही खोलच जाईल.

वाचनमात्र_आजवर:

काका, अडाणी प्रश्न. कील म्हणजे होडीखाली वजन बांधतात तेच ना? मग बुडत नाही का?

खाडीपल्याड:

अडाणी कसला! एन्साइनचं घ्या. साडेबावीस फुटी होडी, एकूण वजन ३,००० पौंड, त्यातलं १,२०० पौंड शिसं तळाच्या कण्यात. वाऱ्याने होडी कलली की ते शिसं तिला परत उभी करतं. दारूच्या दुकानाबाहेर हवेची बाहुली असते ना, ढकलली तरी उभी राहणारी, तसं. पाणी आत शिरलं तर मात्र ते वजन वैरी. म्हणून फ्लोटेशन (पाणी भरलं तरी होडी तरंगत ठेवणारी सोय) आहे का, हे विचारून घ्यायचं.

सॅनडिएगोकर:

होडी विकायची घाई करू नका, असं माझं मत. शिडावरच्या भाराचं ढोबळ सूत्र आहे: चौरस फूट गुणिले वाऱ्याच्या वेगाचा (नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल) वर्ग गुणिले ०.००४३१, उत्तर पौंडांत. तुमचा जेनोआ साधारण ३०० चौरस फूट धरू. १५ नॉट वाऱ्यात २९० पौंड, २० नॉटला ५१५ च्या वर. त्याच जागी १५० चौरस फुटांचं जिब (पुढचं लहान शीड) लावलंत तर भार निम्मा. टॅक घेताना (होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) ते डोलकाठीला घासत फिरणारही नाही. मेनसेलला (मुख्य शिडाला) लेझी जॅक, म्हणजे उतरतं शीड झेलणाऱ्या दोऱ्या लावा, हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) आणि रीफच्या (शीड लहान करायच्या) दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे बसायच्या जागेपर्यंत आणा. नव्या होडीपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होईल.

खाडीपल्याड:

गणित पटलं. (मीही इंजिनिअर, पण बॉयलरवाला.) दोऱ्या मागे आणायचं काम आधीच केलंय. पण जिब लहान केलं तरी टॅकच्या वेळी एका बाजूची दोरी सोडून दुसऱ्या बाजूची ओढावीच लागते, आणि तेव्हा सुकाणूही हातात हवं. हिच्या खांद्याला तेच झेपत नाही. शिवाय वाऱ्याशिवायच्या जुलैत लहान जिबवर आम्ही जागच्या जागी डुलत बसू. इथला उन्हाळा म्हणजे सकाळभर आरसा आणि चार वाजता गडगडाट.

ओंटारिओचा_पाहुणा:

टोरंटोला आमची नॉनसच ३० आहे, म्हणून बोलतो. ही होडी इथलीच, सेंट कॅथरीन्सच्या हिंटरहोलरने १९७८ पासून बांधली. एकच शीड, ५४० चौरस फूट. डोलकाठीला एकही तार नाही, ती स्वतःच्या पायावर उभी. जिब नाहीच, त्यामुळे टॅक म्हणजे फक्त चाक फिरवायचं, हातातला कप खाली ठेवावा लागत नाही. बूम (शिडाला ताणून धरणारा आडवा दांडा) दुहेरी, शिडाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी, डोक्याच्या बरीच वर राहते.

आता दुसरी बाजू. ते ५४० फुटांचं शीड वर चढवताना मला घाम फुटतो. शेवटी इलेक्ट्रिक विंच बसवली. वारा मागून घेत जाइब करताना (होडीचा मागचा भाग वाऱ्यातून वळवताना) एवढं कापड एका झटक्यात पलीकडे जातं, तेव्हा पोटात गोळा येतो. मी तर सरळ वळसा घालून टॅकच घेतो, लोक हसले तर हसोत. आणि दिवसाच्या फेरीसाठी तीस फुटी होडी म्हणजे दोन माणसांच्या भाताला पंगतीचं पातेलं. डागडुजी, रंग, धक्क्याचं भाडं सगळं फुटावर मोजतात.

वेलची_आणि_वल्ही:

दादा, सगळे शिडाचं बोलताहेत. मी तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं बोलते.

मी ७१. हे गेल्यावरही एन्साइन चालवते, लाँग आयलंड साउंडवर. कोणतीही होडी घेण्याआधी दोन गोष्टी करून बघा. पहिली, धक्क्यावरून होडीत पाय टाकून बघा, हातात पिशवी घेऊन. कठडा उंच असेल तर गुडघा रोज शिव्या देईल. दुसरी, धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत तुम्ही लाइफजॅकेट घालून पाण्यात उतरा आणि वहिनींना म्हणा, काढ मला वर. ओला माणूस किती जड होतो हे पुस्तकात वाचून कळत नाही. आम्ही केलं तेव्हा हे शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच लटकले, कारण शिडी पाण्याखाली एकच पायरी जात होती. निदान तीन पायऱ्या पाण्यात हव्यात. नाहीतर बूमला चार पदरी कप्पी लावून माणूस ओढायचा सराव हवा.

एन्साइन गुणी आहे. कॉकपिट साडेआठ फुटांचं, पाय पसरून बसता येतं, पाण्याखाली फक्त तीन फूट. पण जिबच्या दोऱ्या दोन्ही बाजूंना आहेतच, आणि लांब कीलमुळे मोटरवर मागे नेताना ती म्हणेल तिकडे जाते. खांदा आखडलेल्या बाईला मी ती सुचवणार नाही.

हे जूनमध्येच उरका हं, जुलैत तुमच्याकडे जेलीफिश येतात.

खाडीपल्याड:

ताई, वाचून दाखवलं हिला. "या बाईंना जेवायला बोलाव," म्हणाली.

खाडीपल्याड (तीन आठवड्यांनी):

धागा वर काढतोय. गेल्या शनिवारी एक वापरलेली हार्बर २० बघितली. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बंदरासाठी काढलेलं डिझाइन, वीस फूट, १,८०० पौंडांत ९०० पौंड कील. जिबला स्वतःची छोटी बूम आहे, टॅक घेताना ते आपोआप पलीकडे जातं. बसायला सोफ्यासारखी पाठ. विकणाऱ्या गृहस्थांना सांगितलं, मी काहीही करणार नाही. हात जॅकेटच्या खिशात घालून बसलो. हिने एकटीने धक्का सोडला, इलेक्ट्रिक मोटरवर ओळीतून बाहेर काढली, शीड चढवलं, सेव्हर्न नदीच्या मुखापर्यंत नेली. वारा बारा नॉट. पहिल्या टॅकला सवयीने माझा हात खिशातून बाहेर आला, तर "ठेव आत!" अशी गर्जना.

मग ताईंची परीक्षा. पाणी गार होतं, पण उतरलो. पहिल्या खेपेला नाही जमलं. त्या होडीची शिडीही छोटीच निघाली. दुसऱ्या खेपेला हिने मेनसेलच्या कप्पीच्या दोरीचं खालचं टोक सोडवलं, मला काखेतून अडकवलं आणि उजव्या हाताने ओढत, थांबत, पुन्हा ओढत वर घेतलं. सहा मिनिटं. मी कॉकपिटच्या तळाशी सुरमईसारखा पडलो होतो. हिने वर बघून विकणाऱ्याला विचारलं, "किमतीत लांब शिडी धरली आहे का?"

धरली. होडी बजेटच्या वरच गेली, शौचालयाच्या जागी एक बादली आहे, आणि यावरून आमचं अजून वाजतंय.

अ‍ॅनापोलिसच्या आसपास कॅटलिना २७ कोणाला हवी असेल तर व्यनि करा. फर्लरची दोरी नवी टाकली आहे.