विषय: एनबीएच्या नव्या (२०२५-२६) सीझनच्या टियर्स, आणि आपले इंडियानाचे पेसर्स

नमस्कार मंडळी,

कोजागिरीला दूध आटवताना एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय. टियर, म्हणजे टीम्सच्या ताकदीच्या पायऱ्या, लावताना माझा नियम एकच, गेल्या वर्षी कोण कुठवर पोचलं ते बघायचं नाही, २१ ऑक्टोबर २०२५ ला सीझन सुरू होताना कोर्टवर कोण उभं राहू शकतं ते बघायचं.

पहिल्या टियरमध्ये एकटी ओक्लाहोमा सिटी थंडर. गेल्या सीझनला ६८ जिंकल्या, १४ हरल्या, आणि सरासरी १२.९ पॉइंट्सच्या फरकाने, म्हणजे १९७१-७२ च्या लेकर्सचा १२.३ चा विक्रम मोडला. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), सगळ्यात जास्त पॉइंट्स त्याचेच, वर फायनल्सचा एमव्हीपीपण तोच, आणि टीम जवळजवळ जशीच्या तशी परत येतेय. तरी कप त्यांनाच देऊन टाकू नका, कारण २०१८ च्या वॉरियर्सनंतर लागोपाठ दोनदा कुणालाच जमलेलं नाही. रॅप्टर्स, लेकर्स, बक्स, वॉरियर्स, नगेट्स, सेल्टिक्स, थंडर, सात वर्षांत सात वेगळे चॅम्पियन.

दुसरी टियर डेन्व्हर, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, ह्यूस्टन. त्यातही डेन्व्हर सगळ्यात वर, त्यांनी थंडरला सातव्या मॅचपर्यंत खेचलं होतं आणि तेव्हा त्यांचा मुख्य खेळाडू योकिच बसला की बेंचवर कुणी नव्हतं, आता वालान्चुनास आलाय, ब्रूस ब्राउन परत आलाय, मायकल पोर्टरच्या बदल्यात कॅम जॉन्सन मिळालाय. ह्यूस्टनला ड्युरँट मिळाला म्हणून मी त्यांना डेन्व्हरच्या बरोबरीला ठेवणार होतो, पण सप्टेंबरमध्ये व्हॅनव्हलीटचा गुडघा गेला आणि बॉल आणणाराच नाही राहिला, म्हणून या टियरमध्ये शेवटी.

तिसरी: मिनेसोटा, लेकर्स, वॉरियर्स, क्लिपर्स, ऑर्लँडो. ऑर्लँडोने डेस्मंड बेनसाठी पहिल्या फेरीचे चार पिक्स (नवे खेळाडू निवडायचे हक्क) दिले, शूटिंगची त्यांची रड जुनी आहे, ती आता तरी संपावी.

चौथीत डेट्रॉइट, अटलांटा, सॅन अँटोनिओ, डॅलस, मिलवॉकी, बॉस्टन, आणि हे लिहिताना हात जड होतोय, पण आपले पेसर्स. बाकीच्या पाचवीत, युटा-वॉशिंग्टन-शार्लट-ब्रुकलिनचं यंदा सगळं पोरांना घडवण्यातच जाणार.

– फिशर्सहून

---

अरे, चौथी टियर?

मी १९९८ ला इथे आले तेव्हा पेसर्सचं जुनं मार्केट स्क्वेअर अरीना उभं होतं. २००० ची फायनल, रेजी मिलर, लेकर्सकडून ४-२ ने हरलो ते सगळं मी पाहिलंय. त्यानंतर पंचवीस वर्षं वाट पाहिली आणि जूनमध्ये ही पोरं थंडरविरुद्धच्या फायनलला सातव्या मॅचपर्यंत गेली. पहिल्या मॅचला ०.३ सेकंद शिल्लक असताना आपल्या हॅलिबर्टनने घातलेला तो बॉल, १११-११०, आमच्या घरात रात्री कुणी झोपलं नाही. आणि त्याच टीमला तू पाचव्या टियरच्या उंबरठ्यावर नेऊन बसवतोस?

टाचेच्या दुखापतीमुळे हॅलिबर्टन पूर्ण सीझन नाही, मान्य. पण ही टीम कधीच एका माणसाची नव्हती. दहा-अकरा जण खेळवायचे आणि समोरच्याला पळवून पळवून दमवायचं हीच कोच कार्लाइलची पद्धत. सियाकम आहे, नेम्बहार्ड आहे, नेस्मिथ आहे, मॅकॉनेल आला की कुणालाही बॉल सुखाने आणू देत नाही. गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आपण १० जिंकून १५ हरलो होतो, तेव्हाही सगळ्यांनी मोडीतच काढलं होतं, शेवटी ५० जिंकल्याच ना. तिसरीत घाल.

– कार्मेलची काकू

---

काकू, दादा, नमस्कार!

मी वेस्ट लाफयेतला शिकते, मेल वाचत असते पण लिहितेय पहिल्यांदाच. माझ्या आयुष्यातली पहिली एनबीए मॅच म्हणजे पेसर्सच. ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, समोर सॅक्रामेंटो किंग्ज, आम्हा शाळेच्या मुलांना नेलं होतं, ओव्हरटाइमला १३२-१३१ ने पेसर्स जिंकले आणि मी त्या दिवशी ठरवलं की माझी टीम हीच. त्यामुळे काकू, मला तुमचं मनापासून पटतं.

पण दादाचं एक चुकलंय, डेट्रॉइटचं. १४-६८ वरून एका वर्षात ४४-३८, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) न्यूयॉर्कला सहा मॅच झुंजवलं, केड कनिंगहॅम अजून चोवीसचा, आणि पाय मोडलेला जेडन आयव्ही परत येतोय. दादाच्याच नियमाने बघितलं, कोर्टवर कोण उभं राहू शकतं, तर त्यांच्याकडे सगळे आहेत. शिवाय ईस्ट (लीगचा पूर्वेकडचा अर्धा भाग) मोकळा पडलाय. लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन, एकाच प्लेऑफमध्ये तिघांची टाचेवरची नस तुटली, तिघंही ईस्टचे, तिघांच्या पाठीवर शून्य नंबर. एवढी जागा रिकामी झाल्यावर ती कुणीतरी घेणारच, आणि डेट्रॉइट घेईल असं मला वाटतं.

– वेस्ट लाफयेत

---

मंडळी,

डेट्रॉइट तिसरीत टाकलं. तुझा मुद्दा बिनतोड आहे, गेल्या वर्षीपर्यंतच्या त्यांच्या हरण्याची मला सवय झाली होती त्यातून ते राहून गेलं.

काकू, तुमची मेल मी दोनदा वाचली. हॅलिबर्टन एकटाच गेला असता तर तिसरीत ठेवलं असतं. पण आपला उंच सेंटर टर्नरही गेला, दहा वर्षं इथे राहून, क्लबचे सगळ्यात जास्त ब्लॉक्स (अडवलेले शॉट) त्याच्या नावावर, आणि तो मिलवॉकीला गेला. आपलं पळणं त्या दोघांवर उभं होतं. टर्नर बाहेर तीन पॉइंटच्या रेषेवर उभा राहायचा म्हणून समोरच्यांचा उंच माणूस बास्केट सोडून बाहेर यायचा, आत जागा व्हायची, आणि त्या जागेत बॉल नेमका केव्हा टाकायचा हे हॅलिबर्टनला कळायचं. आता जे हफ, आयझेया जॅक्सन, वाइजमन आहेत, तिघं मिळून ते काम थोडं थोडं करतील, पण नेम्बहार्डला रोज रात्री पहिला गार्ड (बॉल आणणारा) म्हणून उतरवलं की दुसऱ्या गार्डचं जे काम तो इतकं सुंदर करायचा ते कोण करणार? क्लबलाही अंदाज असावा, जूनमध्येच त्यांनी स्वतःचा २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक न्यू ऑर्लिन्सकडून परत घेतलाय.

फायनलची सातवी मॅच मला अजून सुटत नाही. पोटरी दुखावलेली असताना हॅलिबर्टन उतरला, पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन थ्री मारले, आणि मग जमिनीवर हात आपटत पडला. तिथून पुढे उरलेल्यांनी ज्या जिद्दीने खेळ केला, १०३-९१ ला हरले तरी, त्यावरून काकू म्हणतात ते काळीज त्यांच्यात आहेच, ते मी नाकारत नाहीये. चौथ्या टियरमध्ये सगळ्यात वर त्यांचंच नाव लिहितोय.

घरची पहिली मॅच २३ तारखेला आहे, समोर थंडरच. कालनिर्णयात त्याच दिवशी भाऊबीज आहे, तेव्हा काकू, ओवाळणं दुपारी उरकू आणि संध्याकाळी एका गाडीने पेसर्सच्या फील्डहाउसला जाऊ. वेस्ट लाफयेतहून येणार असशील तर आज रात्रीपर्यंत सांग, मी तीन तिकिटं एकत्र घेतो.

– फिशर्स