क्रिस्टिन मॅकव्ही यांचा १९८४चा एकल अल्बम

प्रश्न:
फ्लीटवुड मॅक या रॉक बँडमधली गायिका-गीतकार क्रिस्टिन मॅकव्ही यांची गाणी मला फार आवडतात. त्यांच्याच नावाने १९८४ साली आलेला एकल अल्बम बँडच्या संगीतापेक्षा खरोखर वेगळा आहे का?

प्रतिसाद १:
फारसा नाही, आणि माझ्या मते हेच त्याचे बळ आहे आणि मर्यादाही. बँडमधले त्यांचे सहकारी लिंडसे बकिंगहॅम आणि मिक फ्लीटवुड यांनीही त्यात साथ दिली आहे. पण बँडमध्ये तिघा गीतकारांच्या ओढाताणीतून जो ताण निर्माण होई, तो इथे नसल्यामुळे सगळे कसे निवांत, कधीकधी जरा जास्तच निवांत वाटते.

प्रतिसाद २:
या अल्बमवर पाहुणे म्हणून साथ देणारे गिटारवादक एरिक क्लॅप्टन आणि गायक स्टीव्ह विनवूड यांना विसरू नका. विनवूड यांच्याबरोबरचे ‘वन इन अ मिलियन’ हे द्वंद्वगीत अवश्य ऐकावे. याच अल्बममधले ‘गॉट अ होल्ड ऑन मी’ हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते.

प्रतिसाद ३:
हा त्यांचा पहिला एकल अल्बम नव्हे, एवढीच पुस्ती जोडतो. लग्नापूर्वीच्या क्रिस्टिन परफेक्ट या नावाने त्यांचा अल्बम १९७० मध्येच आला होता आणि त्यावर ब्लूजची छाप स्पष्ट आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास आवाज तोच, पण मांडणी किती बदलली ते कळते.