नोकरी सांभाळून अप्लाइड स्टॅटिस्टिक्समध्ये ऑनलाइन पीजी, कुणी केलंय का?

चाकण_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. माझं बीएस्सी मॅथ्स २०१३ चं, तेव्हापासून चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. रोजचं काम म्हणजे शाफ्टचा ओडी (बाहेरचा व्यास) मोजायचा, ५ नगांचा सबग्रुप, एक्स-बार आर चार्ट (सबग्रुपची सरासरी आणि रेंज लावायचा कंट्रोल चार्ट) भरायचा, महिन्याला सीपीके (माल टॉलरन्समध्ये किती आरामात बसतो त्याचा आकडा) काढून कस्टमरला पाठवायचा. हे सगळं मी झोपेतसुद्धा करू शकतो पण कळत मात्र नाही. चार्टच्या लिमिट काढताना सरासरी रेंजला ०.५७७ ने गुणतात, टेबलात बघायचं आणि गुणायचं, हा ०.५७७ आला कुठून हे ११ वर्षांत ज्याला ज्याला विचारलं त्याने "टेबलात आहे" एवढंच सांगितलं. दुसरं म्हणजे दुपारपर्यंत चार्टचे पॉइंट हळूहळू वर चढतात, लिमिटच्या बाहेर जातात, आणि ऑपरेटर म्हणतो साहेब जॉब ओके आहे, टॉलरन्समध्येच (ड्रॉइंगवर चालणाऱ्या मापांतच) आहे, आणि खरंच असतो. मग चार्ट खोटं बोलतोय का? मला हे नीट शिकायचंय. लग्न झालंय, मुलगी ३ वर्षांची आहे, पुण्याला रोज कॉलेजला जाणं शक्य नाही. ऑनलाइन पीजी करावं म्हणतो, डिप्लोमा की सरळ मास्टर्स, आणि १० वर्षं सुटलेलं गणित झेपेल का? मागच्या वर्षी एका ॲपवाल्या कंपनीने फोन करकरून "मास्टर्स" म्हणून हप्त्यावर कोर्स गळ्यात मारला होता, अर्ध्यात कळलं की ती डिग्रीच नाही, नुसतं त्यांचं सर्टिफिकेट, म्हणून आता विचारूनच पाऊल टाकणार.

वऱ्हाडातली_आकडेमोड

दादा, मी इग्नूचा पीजी डिप्लोमा इन अप्लाइड स्टॅटिस्टिक्स केलाय, नोकरी करतच. त्यात दोन वाटा आहेत, इंडस्ट्रियल स्टॅटिस्टिक्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स. मी बायो घेतलं कारण माझं काम क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं, तुम्ही डोळे झाकून इंडस्ट्रियल घ्या, कंट्रोल चार्ट त्यातच येतात. एक नीट समजून घ्या, इग्नूचा हा डिप्लोमा दूरशिक्षणातला आहे, घरी पुस्तकं येतात, असाइनमेंट हाताने लिहून द्यायच्या, परीक्षा सेंटरवर जाऊन, जून आणि डिसेंबरला. लॅबचे कोर्सही आहेत, एक्सेलवर. रोज लाइव्ह लेक्चर वगैरे डोक्यात असेल तर तसं नाही. पण पुस्तकं खरंच चांगली आहेत, आणि ती इग्नूच्याच ई-ज्ञानकोश साइटवर फुकट वाचता येतात, ॲडमिशन घ्यायच्या आधी चाळून बघा म्हणजे झेपेल की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि फसवणुकीचं वाचून वाईट वाटलं. कोर्स कुठलाही असो, यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचं आणि त्याच कोर्सचं नाव आहे का ते आधी बघायचं. विद्यापीठ मान्य असतं पण तो ठरावीक कोर्स यादीत नसतो असंही होतं. मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीचीच धरायची असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे "ऑनलाइनला किंमत नसते" असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत फार्मात आहे, पेन स्टेट या इथल्या विद्यापीठाचं ऑनलाइन मास्टर ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स केलं. ३० क्रेडिटचं आहे, मी एका टर्मला एकच कोर्स घेत गेलो. फी डॉलरमध्ये, माझी बरीचशी कंपनीने भरली म्हणून जमलं, चाकणच्या पगारावर स्वतःच्या खिशातून हे करा असं मी कुणालाच सांगणार नाही. शिवाय डेडलाइन तिथल्या वेळेनुसार रविवारी मध्यरात्रीची असली की तुमच्याकडे सोमवारची सकाळ उजाडलेली असते, म्हणजे नेमकं ऑफिसला निघायच्या वेळी.

पण हे सांगायला लिहितोय की त्यांच्या बऱ्याच कोर्सच्या नोट्स साइटवर सगळ्यांना खुल्या आहेत, रिग्रेशन, अनोव्हा, प्रोबॅबिलिटी, सोडवलेल्या उदाहरणांसकट, पैसे नाहीत की लॉगिन नाही. भारतात बसून डिप्लोमा करा आणि बाजूला त्या उघडून ठेवा. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेवटच्या कन्सल्टिंगच्या प्रॅक्टिकमने (प्रत्यक्ष कामाच्या कोर्सने). तिथे प्रश्न पुस्तकातला नसतो, समोरचा माणूस त्याच्या भाषेत अडचण सांगतो आणि आधी त्याला नक्की काय हवंय तेच शोधावं लागतं. तुमच्या ऑपरेटरचं "जॉब ओके आहे" हे अगदी तसलंच वाक्य आहे, ते वहीत लिहून ठेवा.

कृष्णाकाठचा_मास्तर

मी सातारा जिल्ह्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. तुमचा ०.५७७ चा प्रश्न वाचून फार आनंद झाला, त्याचं उत्तर आधी देतो, कोर्सचं मागून.

५ नगांची रेंज म्हणजे सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान. माप नॉर्मल वितरणातलं आहे असं धरलं तर या रेंजची सरासरी सिग्माच्या (मापं सरासरीभोवती किती पसरलीत त्या आकड्याच्या) २.३२६ पट येते. म्हणजे तुमची सरासरी रेंज भागिले २.३२६ केलं की सिग्माचा अंदाज हातात येतो. आता चार्टवर तुम्ही एकेक नग लावत नाही, ५ नगांची सरासरी लावता, आणि सरासरीचा सिग्मा हा मूळ सिग्मा भागिले ५ चं वर्गमूळ, म्हणजे भागिले २.२३६. लिमिट ३ सिग्मावर. तर ३ भागिले (२.३२६ गुणिले २.२३६), करून बघा, ०.५७७. सबग्रुप ४ चा केलात की हाच आकडा ०.७२९ होतो तो याचमुळे. अमेरिकेत शूहार्ट नावाच्या माणसाने १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत पहिला चार्ट मांडला तेव्हा कॉम्प्युटर कुठला, हातानेच हिशोब, म्हणून शॉपफ्लोअरवर नुसता बेरीज-गुणाकार करून चालेल अशी टेबलं करून ठेवायची पद्धत पडली. टेबल राहिलं आणि कारण मागे पडलं.

२.३२६ वर विश्वास ठेवू नका, स्वतः काढा. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाका, नॉर्मलमधून ५ आकडे उचला, रेंज घ्या, असं १ लाख वेळा करा आणि सरासरी काढा. आणि ५ चं वर्गमूळ कुठून आलं ते कागदावर सिद्ध करा, अर्ध्या पानाचं काम आहे, फोटो इथेच टाका, मी तपासतो.

आता कोर्सचं. माझ्याकडे ऑनलाइन एमएस्सी अर्धवट सोडून आलेली पोरं येतात, आणि जवळपास सगळी एकाच जागी अडखळलेली असतात. "अप्लाइड" शब्द वाचून त्यांना वाटतं सॉफ्टवेअर चालवायचं शिकवतील, आणि दुसऱ्या महिन्यात डबल इंटिग्रल, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्सचा इन्व्हर्स समोर येतो. वर्गात असतं तर शेजारच्याच्या वहीत डोकावलं असतं, घरी रात्री ११ वाजता स्क्रीनसमोर कुणाला विचारणार? व्हिडिओ पुढे जात राहतो आणि कळल्यासारखं वाटतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, ॲडमिशनच्या आधी ३ महिने कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स हाताने सोडवा, आणि ज्याला वही दाखवता येईल असं एक माणूस शोधून ठेवा. बीएस्सी मॅथ्स आहात, गंज चढलाय फक्त. मास्टर्सची घाई नको. आधी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) एक १२ आठवड्यांचा कोर्स घ्या, आयआयटी कानपूरच्या शलभ सरांचे रिग्रेशन आणि सॅम्पलिंगचे कोर्स आहेत, फार शांतपणे फळ्यावर शिकवावं तसं शिकवतात. ऐकायला पैसे पडत नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची, आणि ती परीक्षा सेंटरवर बसूनच द्यावी लागते, तिचे ७५ टक्के, असाइनमेंटचे २५. आठवड्याची असाइनमेंट वेळेत जाते का ते या १२ आठवड्यांत कळेल, तेवढं जमलं तर डिप्लोमा जमेल.

वऱ्हाडातली_आकडेमोड

मास्तरांचं शंभर टक्के बरोबर. मी प्रोबॅबिलिटीचा पेपर पहिल्या वेळी दिलाच नाही, सहा महिन्यांनी दिला. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की रविवारी सकाळी ७ ते १० दार बंद. मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनीच दोन वर्षं ती वेळ सांभाळली, मला चहासुद्धा दाराबाहेर ठेवायच्या.

चाकण_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिफ्टवरून आलो, पोरगी झोपली आणि रात्री साडेबाराला आर टाकून करून बघितलं. पहिल्यांदा १०० वेळा केलं तर २.२८ आलं, वाटलं चुकलं, मग १ लाख वेळा केलं आणि २.३२५ आलं. इतकी वर्षं भिंतीवर लावलेल्या टेबलातला आकडा माझ्या लॅपटॉपवर आपोआप आला, बायकोला उठवून सांगितलं. इंडस्ट्रियलवाला डिप्लोमा नक्की, पण आधी एनपीटीईएल.

सर, वहीचा फोटो टाकलाय. ५ नगांच्या बेरजेचा व्हेरियन्स (सिग्माचा वर्ग) काढताना मधे त्या को-व्हेरियन्सच्या (दोन मापं एकमेकांसोबत किती बदलतात त्याच्या) टर्म येतात, पुस्तकात त्या सरळ शून्य केल्यात. का?

कृष्णाकाठचा_मास्तर

वही बघितली, तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे. त्या टर्म शून्य होतात कारण एका नगाच्या मापाचा दुसऱ्याच्या मापाशी संबंध नाही असं आपण धरलंय. आता तुमच्या मशीनकडे बघा. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजतो तसा ओडी वाढत जातो. लागोपाठच्या ५ नगांत ती झीज नगण्य, म्हणून सबग्रुपच्या आत आपलं धरणं चालून जातं. पण सकाळी ८ चा सबग्रुप आणि दुपारी १ चा सबग्रुप एकाच झिजत्या टूलने बांधलेत, आणि लिमिट मात्र आतल्या रेंजवरून काढल्यात ज्यात ती झीज जवळपास नाहीच. चार्ट खोटं बोलत नाही, टूल झिजतंय हे खरंच सांगतोय, आणि ऑपरेटरही खरं बोलतोय कारण तो टॉलरन्सकडे बघतोय. अशा जागी सपाट लिमिट न लावता चढत्या रेषेभोवती लावतात, ती रेषा म्हणजे रिग्रेशन. ऑफसेट मारल्यापासून (झीज भरून काढायला मशीनचं सेटिंग बदलल्यापासून) पुढच्या ऑफसेटपर्यंतची एका दिवसाची रीडिंग नग नंबरसकट लिहून आणा, कंपनीचं नाव, पार्ट नंबर काही नको, नुसते आकडे. रविवारी सकाळी ७ ला बसू.