आधी चंद्र की डायरेक्ट मंगळ? ट्रान्स हार्बरवरचा वाद मिटवा कोणीतरी

रबाळेकर
सकाळी ठाणे-वाशी लोकलला आमचा सहा-सात जणांचा ग्रुप असतो, रोज काहीतरी विषय निघतो, काल निघाला वस्तीचा. एक मित्र म्हणतो चंद्रावर टाइमपास कशाला, मंगळावर निदान थोडी हवा आहे, दिवस साधारण साडेचोवीस तासांचा आहे, गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के आहे, टेराफॉर्म करायचंच, म्हणजे हवा-पाणी बदलून ग्रह पृथ्वीसारखा करायचाच, तर थेट तिथं जाऊ. मी म्हटलं आधी चंद्र. का, तर जवळ आहे. पुढे काही सुचलंच नाही आणि तेवढ्यात माझं स्टेशन आलं 😅 "जवळ आहे" याशिवाय काही मुद्दा आहे का? आणि चंद्रावर खरंच वातावरण तयार करता येईल का, की सगळं घुमटातच?

खारघर_टेकडी
अरे "जवळ आहे" हाच तर सगळ्यात मोठा मुद्दा, तू जिंकलेला वाद सोडून उतरलास. अपोलो १३ची चंद्रमोहीम आठव, १९७०, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तरी चार दिवसांत तिघं जिवंत घरी आले. हेच मंगळाच्या वाटेवर झालं असतं तर? तिथं जायलाच सहा ते नऊ महिने, आणि निघायचा सोयीचा मुहूर्त साधारण २६ महिन्यांनी एकदा. पंप बिघडला, पार्ट पाठवा म्हटलं तर पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबा. चंद्रावर तीन दिवसांत माणूस पोचतो. बोलणं पण बघ, चंद्रावर आवाज जायला सव्वा सेकंद, म्हणजे आपल्या व्हिडिओ कॉलइतकाच अडखळेल. मंगळावर ३ ते २२ मिनिटं, तेही एका बाजूने, म्हणजे "गॅस बंद कर" सांगेपर्यंत घर जळून खाक.

सेक्टर९_काकू
मला रॉकेटमधलं फार कळत नाही पण वस्तीचं कळतं. मुंबई आणि वाशी जोडणारा खाडीपूल झाला १९७३ला आणि लोकल आली १९९२ला. आम्ही मधल्या काळात वाशीला राहायला आलो, सगळे नातेवाईक म्हणायचे पलीकडे कोण जातं, रात्री कुत्रं नसतं रस्त्यावर. तरी टिकलो कारण काही दुखलं खुपलं, काही मिळालं नाही, की बस पकडून पुलावरून चेंबूर गाठता यायचं. पूल नसता तर पहिल्या पावसाळ्यातच सामान बांधलं असतं. चंद्राला तसा पूल आहे असं तुम्ही वर लिहिलंयत त्यावरून वाटतं, मंगळाला नाही.

खारघर_टेकडी
काकू 🙏 हे ट्रेनमध्ये सांगायला हवं होतं.

माजिवडा_जंक्शन
सगळे वस्तीवर बोलताय, टेराफॉर्मिंगवर कोणीच नाही. स्पष्ट सांगतो, दोन्हीकडे नजीकच्या काळात होणार नाही. मंगळावर "हवा आहे" म्हणजे दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, सूट फाटला तर अंगातलं पाणी उकळायला लागेल, आणि त्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तो बर्फातून मातीतून बाहेर काढून दाब वाढवू अशी कल्पना होती, पण २०१८मध्ये जाकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की हाताला लागेल असा सगळा वायू सोडला तरी दाब पृथ्वीच्या जवळपासही जात नाही. चंद्राचं तर गुरुत्वच पृथ्वीच्या १/६, हवा धरून ठेवता येत नाही. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी ज्वालामुखींमुळे चंद्राला काही काळ आजच्या मंगळापेक्षा दाट वातावरण होतं असं २०१७च्या एका अभ्यासात होतं, पण ते उडून गेलं. त्यामुळे तुमचा मित्र ज्या मुद्द्यावर मंगळ म्हणतोय तोच कच्चा आहे. दोन्हीकडे घुमटातच राहायचं असेल तर मग तीन दिवसांवरचा घुमट का नको?

सिविलवाला_कळवा
घुमट नको, जमिनीखाली. मी साइटवरचा माणूस त्यामुळे मातीवर बोलतो. नदीची रेती हातात घ्या आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती घ्या, फरक कळेल. चंद्रावर वारा नाही पाणी नाही, त्यामुळे कण घासून गोल झालेच नाहीत, सगळी क्रश सँडच, पण पिठासारखी बारीक. अपोलो १७चा हॅरिसन श्मिट, जो स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, त्याला ती धूळ आत आल्यावर सर्दीसारखं झालं होतं. सील, बेअरिंग, फुफ्फुस, कशालाच ती सोडणार नाही. पण हीच माती उपयोगी पण आहे. आपल्या चांद्रयान-३ने २०२३मध्ये थर्मामीटर खुपसून बघितला, वर ५०च्या पुढे आणि फक्त ८ सेंमी खाली उणे १०! म्हणजे एक नंबर इन्सुलेशन. दोन-तीन मीटर भरणी टाकली की रेडिएशनपण बरंच अडतं. एकंदर बेसमेंट पार्किंगमध्ये वन बीएचके, तोही १४ दिवसांच्या रात्रीत. विक्रम आणि प्रज्ञान तेवढी एक रात्र काढू शकले नाहीत हे विसरू नका. म्हणून सगळ्यांना दक्षिण ध्रुव हवाय, तिथल्या काही उंचवट्यांवर ऊन जास्त काळ टिकतं आणि शेजारच्या कायम अंधारातल्या खड्ड्यांत बर्फ आहे.

रबाळेकर
बापरे, थँक्यू सगळ्यांना. आज सकाळी सांगितलं, काकूंचा पूल तर फारच चालला 😄 पण तो मित्र आता वेगळंच काढतोय, म्हणे तुमच्या चंद्रावर नायट्रोजन कुठंय, मंगळाच्या हवेत २-३ टक्के तरी आहे. यावर काय?

माजिवडा_जंक्शन
बरोबर विचारलंय त्याने. चंद्रावर नायट्रोजन जवळजवळ नाही, कार्बन पण कमीच, शेतीसाठी दोन्ही लागणार. हे न्यावं लागेल, किंवा वाया न घालवता पुन्हापुन्हा फिरवावं लागेल, मलमूत्रासकट. ऑक्सिजनचा प्रश्न नाही, तिथल्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून जास्त तोच आहे, फक्त दगडातून सुटा करायला वीज प्रचंड लागते. हवेत नायट्रोजन न मिसळता नुसत्या ऑक्सिजनवर कमी दाबाने पण राहता येतं, अपोलोचं यान तसंच उडायचं, पण १९६७मध्ये अपोलो १च्या चाचणीत ऑक्सिजन भरलेल्या केबिनला आग लागून तिघं गेले, त्यामुळे कायमच्या घरात तसं कोणी करणार नाही. तेव्हा या एका मुद्द्यावर मार्क त्याला द्या.

रबाळेकर
मार्क देतो. पण मलमूत्राचा मुद्दा कोपरखैरणे गेल्यावर काढेन, त्याआधी एक जण डबा खातो.