इंग्रजांनी सातासमुद्रापार वसाहती नेमक्या कशासाठी उभारल्या?

प्रश्न (एक पालक, कर्वेनगर):
माझा मुलगा नववीत आहे. ‘कच्चा माल आणि हक्काची बाजारपेठ’ हे उत्तर त्याला तोंडपाठ आहे. परंतु काल त्याने मला विचारले, की ऑस्ट्रेलियात ना गिऱ्हाईक होते ना नेण्यासारखा तयार माल, मग इंग्रज तिथे कशाला गेले? शिवाय वसाहत म्हणजे माणसे जिथे वसतात ती जागा. मग जिथे इंग्रज फारसे वसलेच नाहीत, त्या हिंदुस्थानला वसाहत का म्हणायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त इतिहास शिक्षक, सदाशिव पेठ):
ताई, मुलाची शंका रास्त आहे. सगळ्या वसाहतींमागे एकच कारण होते असे धरून चालल्यामुळेच ते पाठ केलेले उत्तर तोकडे पडते. इंग्लंडमधील कैद्यांना अमेरिकेत धाडण्याची जुनी पद्धत होती; १७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले, ती वाट बंद झाली, तुरुंग भरले आणि थेम्स नदीत नांगरलेल्या जुन्या जहाजांवर कैदी कोंडण्याची वेळ आली. अखेर जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांचा ताफा सातशेहून अधिक कैदी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला. तिथे माणसे खरोखरच वसवली गेली, आणि तीही मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावून.

हिंदुस्थानची गोष्ट वेगळी आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती व्यापाराची. त्यांना आधी मसाले हवे होते आणि पुढे सुती कापड. परंतु इंग्लंडच्या जाड लोकरी कापडाला इथल्या उन्हात फारशी मागणी नव्हती, त्यामुळे इथला माल घेताना कंपनीला रोख चांदी मोजावी लागे. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, कंपनीच्या हाती आली आणि हे गणितच उलटले, कारण बंगालच्या रयतेने भरलेल्या साऱ्यातूनच कंपनी बंगालचा माल खरेदी करू लागली. मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते: वसूल चोख येत असल्यावर माणसे आणून वसवण्याची गरज उरली नाही. तरीही सत्तेचा आणि पैशाचा ओघ दूरच्या देशाकडे वळलेला असल्याने आपण त्याला वसाहतच म्हणतो. शब्द अपुरा आहे, हे मान्यच करायला हवे.

उत्तर (माजी नौसैनिक, खडकी):
सरांच्या उत्तरात समुद्राची बाजू जोडतो. जहाजाला वाटेत गोडे पाणी, शिधा आणि पुढच्या काळात कोळसा लागे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे केप १८०६ मध्ये डचांकडून घेतले ते हिंदुस्थानची वाट फ्रेंचांच्या हाती पडू नये म्हणून. १८३९ मध्ये अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे एडन घेतले, आणि तेही मुंबईहून गेलेल्या फौजेने. तिथल्या उजाड खडकावर पिकण्यासारखे काही नव्हते. बोटींना कोळसा भरण्यासाठी बंदर हवे होते, एवढेच.

उत्तर (एक शेतकरी, बारामती तालुका):
कच्च्या मालाचे कारण मात्र कृपया बाजूला सारू नये, त्याची झळ आमच्या भागाला लागलेली आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इथला भाव चढला. त्या तेजीच्या भरात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळला. त्यात सरकारने नव्या आकारणीत सारा वाढवला, आणि सावकार जमिनी लिहून घेऊ लागले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खतपत्रे व कर्जरोखे ओढून काढून जाळून टाकले. सुपे पुणे जिल्ह्यातच आहे; मुलाला एकदा अवश्य घेऊन या, बाजारपेठ मी स्वतः दाखवीन.