उतामारोच्या चित्रातल्या बायका खऱ्या वाटतात का तुम्हाला?

निळीशाई: उतामारो या जपानी चित्रकाराचं स्वयंपाकघराचं चित्र पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये. १७९५ च्या आसपासचं, एदोमधलं म्हणजे आत्ताच्या टोकियोतलं, लाकडी ठशांनी छापलेलं, दोन कागद शेजारी लावले की पूर्ण होतं. एक बाई चक्क फुंकणीने चूल फुंकतेय, बाजूला गरम पाणी काढणारीचं तोंड धुराने वाकडं झालंय, पलीकडे एक वांगं सोलतेय आणि पोर तिच्या पाठीला लोंबकळतंय. बायकांच्या रोजच्या कामाकडे इतकं मनापासून बघणारा चित्रकार मला तरी दुसरा माहीत नाही.

ठिपका: चित्र सुंदरच आहे, पण हे एक चित्र धरून बसू नका. त्याने ढिगाने काढल्या त्या योशिवारातल्या, म्हणजे एदोच्या वेश्यावस्तीतल्या बायका, आणि तिथे कितीतरी मुली आईबापांनी पैशापायी लहानपणीच विकलेल्या असायच्या. चित्रात काय दिसतं तर भारी किमोनो, आरसा, केस विंचरणं. कर्ज कुठेय, आजारपण कुठेय? त्याचा प्रकाशक त्सुताया, त्याचं पहिलं दुकानच योशिवाराच्या दाराशी. मला ही जाहिरात वाटते, स्पष्टच सांगते.

निळीशाई: मग त्याने काढलेल्या ओकिताचं काय? ती चहाच्या दुकानात काम करणारी साधी मुलगी. १७९३ मध्ये सरकारने हुकूम काढला की गणिका सोडून इतर बायकांची नावं चित्रावर छापायची नाहीत, तर याने नाव चित्रकोड्यात घालून छापलं.

ठिपका: नावाने चित्र खपायचं हो, म्हणून छापलं.

गेरू: मी ठसे कोरायला शिकतोय म्हणून मध्ये बोलतो. कपाळावरचे केस बघा, चेरीच्या लाकडात एकेक केस उभा ठेवून आजूबाजूचं सगळं काढून टाकायचं, हात जरा हलला की गेलं, मोठ्या कारखान्यात ते काम मुरलेल्या कारागिराकडेच जायचं. नुसती जाहिरात म्हणून सोडून देववत नाही मला. आणि जाहिरातच करायची तर धुराने वाकडं झालेलं तोंड कोण छापेल?

ठिपका: त्या तोंडाला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. पण ओकिताचं नाव दोनशे वर्षांनी आपण घेतोय, त्या फुंकणीवालीचं नाव मात्र कोणी कोड्यातसुद्धा घातलं नाही, ते मला टोचतंच.